घाटावरचं पहिलं चित्र: नवख्याला काय सांगावं, नवख्यानं काय ऐकावं

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला नाशिकच्या गोदाघाटावर, नारोशंकराच्या देवळापाशी पॅड उघडून बसलात, की दहा मिनिटांत मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. गोदाघाटावर एकट्यानं चित्र काढता येत नाही. दशक्रियेला आलेली मंडळी, भाजीला निघालेली मावशी, कबुतरांना दाणे टाकणारे आजोबा, सगळे थांबतात आणि बोलतात. "वा, अगदी फोटोसारखं!" "ताई, कळस वाकडा झालाय." "आमचा भाचा दोन मिनिटांत काढतो असं." बोलणारा पुढे जाऊन विसरतो. कागदावर वाकलेला माणूस ते वाक्य घरी घेऊन जातो.

गेली अकरा वर्षं मी रविवारी घाटावर बसते, आणि नव्यानं ब्रश हातात घेणाऱ्यांना सोबत घेऊन बसते. बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, अकरावी-बारावीची मुलं असतात, सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट घाटावर येणारा एक जण आहे. रंग जमत नाहीत म्हणून सोडून गेलेले मला थोडे आठवतात. कुणाच्या तरी एका वाक्यानंतर यायचे बंद झालेले जास्त आठवतात. आणि ते वाक्य दरवेळी टोचणारंच होतं असं नाही.

माझंच सांगते. आठवीत असताना आंतरशालेय स्पर्धेसाठी मी रामकुंडाचं चित्र काढत होते. पायऱ्या काही केल्या जमेनात. चित्रकलेच्या सरांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि पाच मिनिटांत पायऱ्या आणि पाणी रंगवून दिलं. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. आईनं ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा नेमकं पायऱ्यांचं कौतुक करायचा. सरांनी ते मायेनं केलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यानंतर माझं एकही चित्र पुरं झालं नाही. अवघड जागा आली की हात थांबायचा आणि कुणीतरी येऊन ती सोडवून देईल याची वाट बघायचा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा फॉर्म मी भरलाच नाही. पुन्हा रंग हातात घेतले तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: जो दाखवतो त्याच्यासाठी, आणि ज्याला दाखवलं जातं त्याच्यासाठीही. उदाहरणं जलरंगांची आहेत, कारण मला तेच येतं. कविता, पेटी, मातीकाम यांत पाऊल टाकणाऱ्यांनी आपापल्या जागी आपली उदाहरणं बसवून घ्यावीत.

पहिले वीस कागद झाकून ठेवा

वीस हा आकडा माझा आहे, अनुभवातून आलेला. तुमचा पंधरा किंवा तीस असेल. पण सुरुवातीचा काही काळ काम फक्त तुमच्यात आणि कागदात राहिला पाहिजे.

याचं कारण साधं आहे. फ्लॅट वॉश, म्हणजे एकसारखा सपाट रंग, शिकताना बोर्ड थोडा तिरका ठेवून रंगाचा ओला थर वरून खाली ओढत आणायचा असतो. पहिले पाच-सहा वॉश पट्ट्यापट्ट्यांचेच येतात, सगळ्यांचे येतात. ओला असताना गडद दिसलेला रंग वाळल्यावर फिका पडतो, हेही चार कागद वाया गेल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. या टप्प्यावर "पट्टे दिसतायत" हे सांगायला माणूस कशाला हवा? कागदच सांगतो, आणि तो सांगताना तोंड वाकडं करत नाही.

दुसरं कारण टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. विद्यार्थिनींना रंगीत कागदांची कोलाज करायला दिली होती. काही जणींना आधीच सांगितलं होतं, की हे काम चित्रकार तपासणार आहेत. त्यांची कोलाज एकंदरीत कमी सर्जक ठरली. कुणी टीका केली नव्हती की शाबासकीही दिली नव्हती. कुणीतरी बघणार आहे एवढं कळणंच पुरेसं होतं.

तेव्हा छोटं पॅड घ्या. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, जागा आणि एक ओळ लिहा: आज काय करून बघितलं. "पाण्यातलं प्रतिबिंब एकाच वॉशमध्ये." "काळा पाषाण काळा रंग न वापरता." पुढे या ओळीचा उपयोग आहे. घाटावर बसायचंच असेल तर भिंतीला पाठ लावून बसा, मागे कुणाला उभं राहता येत नाही. त्यातूनही कुणी वाकून बघितलं तर "काका, अजून चालू आहे" एवढं म्हणून मान खाली घालायची. बहुतेकांना ते कळतं. आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा मोह या काळात तरी आवरा.

दाखवायला माणूस निवडा, आणि प्रश्न घेऊन जा

घरचं माणूस चित्र बघताना तुम्हाला बघत असतं. त्याच्याकडून सोबत मिळते, आणि तेवढीच मागावी. तुमच्याबरोबर नुकतंच शिकायला लागलेलं माणूस तुमची अडचण सर्वांत चांगली ओळखतं, कारण कालच त्याचाही रंग मळलेला असतो. जाणत्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जावं, हातात तीन-चार कागद घेऊन. दर आठवड्याला गेलात तर तुम्ही त्याच्या डोळ्यांनी रंगवायला लागता.

कुणाकडेही जा, पण "कसं झालंय?" असं विचारू नका. या प्रश्नाला "छान" आणि "ठीक" याखेरीज उत्तरच नाही, आणि दोन्ही उत्तरं घेऊन घरी गेल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. कागदामागे लिहिलेली ओळ आता कामाला येते, तिचाच प्रश्न करायचा. पाणी ओलं वाटतं का? देऊळ मागे जातंय, की घाटाच्याच रेषेत उभं आहे? नजर आधी कुठे जाते? मी आणखी आधी थांबायला हवं होतं का?

रात्रपाळीचा जो मित्र मी सांगितला, तो पहिले सहा महिने "कसं झालंय ताई?" एवढंच विचारायचा, आणि मी "चांगलं चाललंय" म्हणायचे. दोघंही आहे तिथेच राहिलो. एकदा त्यानं नारोशंकराचं चित्र पुढे केलं आणि विचारलं, "सावलीतला दगड मेलेला का वाटतो?" आता मला बघण्यासारखं काहीतरी मिळालं. त्यानं सावलीला ट्यूबमधला काळा थेट लावला होता. मी माझ्या पॅलेटवर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून दाखवला. निळा जास्त घेतला तर थंड करडा, सिएना जास्त घेतला तर ऊन लागलेल्या दगडाचा करडा. त्यानं त्या सकाळी नुसते करड्याचे सतरा चौकोन काढले. देऊळ रंगवलंच नाही. पुढच्या रविवारी सावलीत दगड दिसायला लागला. हे कौतुकही नव्हतं आणि टीकाही नव्हती. त्याच्या प्रश्नातूनच सगळं निघालं.

बघणाऱ्यानं आधी मिनिटभर गप्प बसावं

हे सर्वांत अवघड आहे, कारण समोरच्याचा चेहरा वाट बघत असतो. तरी एक मिनिट बघा. मग जे दिसलं ते सांगा, मत नंतर.

गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" घाटावरची ही मूर्तीच आमची पुराची खूण. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. नदीला चांगली किंवा वाईट कुणी म्हणत नाही. पाणी कुठवर आलंय ते सांगितलं जातं, आणि त्यावरून काठावरचा दुकानदार सामान हलवायचं का ते ठरवतो. नवख्याच्या चित्राबद्दल असं बोलता आलं पाहिजे. "माझी नजर आधी पिवळ्या छत्रीवर गेली, मग पायऱ्यांवरून खाली आली, आणि डावीकडच्या झाडाशी अडकली." यात निवाडा नाही. पण काढणाऱ्याला नजर झाडाशी अडकवायची नव्हती, हे त्याचं त्याला लगेच समजतं.

कौतुक: जास्तही नको, कंजुषीही नको

आपल्या घरांमध्ये दोन टोकं दिसतात. एका घरात पोरानं रेघ मारली की "अगं बाई, पिकासोच आहे आमचा!" दुसऱ्या घरात "तोंडावर कौतुक करू नये, पोर शेफारतं" म्हणून मौन. मी दोन्ही घरांतली माणसं घाटावर पाहिली आहेत आणि दोघांचेही हात सारखेच आखडलेले असतात.

पहिल्या टोकाबद्दल नेदरलँड्समधला एक अभ्यास सांगते. एडी ब्रमलमन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. ८ ते १२ वयाच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढली. मग चित्रकाराच्या नावानं काही मुलांना "फारच अप्रतिम चित्र काढलंस" अशी चिठ्ठी मिळाली, काहींना "सुंदर चित्र काढलंस" अशी, काहींना कौतुकाचा शब्दच नाही. पुढे मुलांना विचारलं, आता कुठली चित्रं काढणार, सोपी की अवघड? ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटत होतं, ती मुलं "फारच अप्रतिम" ऐकल्यावर सोप्याकडे वळली. दुखद गोष्ट अशी, की मोठी माणसं नेमकी अशाच मुलांवर चढ्या शब्दांचा वर्षाव करतात, त्यांना उभारी यावी म्हणून. पण "अप्रतिम" ऐकलेल्या मुलाला पुढचं चित्रही अप्रतिमच काढावं लागतं, आणि त्याला तर ते जमेल असं वाटतच नसतं.

कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांचं १९९८ सालचं काम याच वाटेवरचं. कोडी सोडवल्यावर "हुशार आहेस" ऐकलेली मुलं पुढे कठीण कोड्यांशी कमी झगडली. "मेहनत घेतलीस" ऐकलेली टिकून राहिली. माझा यात एक सावध शब्द आहे. चित्र फसलेलं दोघांनाही दिसत असताना "किती मेहनत घेतलीस रे" म्हटलं, तर समोरच्याला त्यात कीव ऐकू येते. म्हणून मी मेहनतीपेक्षाही घेतलेल्या निर्णयाबद्दल बोलते.

एका आईला तिच्या दहा वर्षांच्या मुलीशी बोलताना ऐकलं होतं. ती म्हणाली, "पाणी वर फिकं आणि खाली गडद का केलंस गं?" मुलगी म्हणाली, "आई, तिकडे खोल आहे ना." आई म्हणाली, "खोल वाटतंय खरं." त्या तीन शब्दांनी मुलीचा चेहरा उजळला, आणि पाण्याची खोली रंगानं दाखवता येते हे तिच्या हाती कायमचं लागलं. आईला चित्रकलेतलं काही येत नव्हतं.

मौनाच्या घरांसाठीही हेच औषध आहे. शेफारण्याची भीती असेल तर विशेषणं गाळा, पण बघितल्याची खूण द्या. "या झाडाला तू तीन हिरवे वापरलेस" एवढ्यानं कुणी शेफारत नाही. आपण केलेलं कुणीतरी नीट बघितलं, एवढंच त्याला हवं असतं.

चूक सांगताना

एका कागदावर एकच चूक सांगा. सात दिसत असतील तरी एकच. आणि ती निवडताना उद्या सकाळी जिच्यावर काम करता येईल तीच निवडा.

त्याआधी एक तपासून घ्या, कारण इथे फार माणसं वाया गेलेली मी पाहिली आहेत: चूक हाताची आहे की सामानाची? नवखा माणूस पातळ ड्रॉइंग पेपरवर जलरंग लावतो. कागद फुगतो, खळग्यांमध्ये रंग साचतो, दुसरा हात फिरवला की पृष्ठभाग निघून येतो आणि रंग चिखलासारखा होतो. तो समजतो आपल्याला रंगांची जाण नाही. ३०० जीएसएमचा जाड कागद घेतला, चारही बाजूंनी टेपनं बोर्डावर चिकटवला आणि पहिला थर पूर्ण वाळू दिला, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हा कागद महाग पडतो, पण एक मोठा ताव आठ तुकडे करून वापरता येतो. "तुला जमत नाहीये" म्हणण्याआधी कागद बोटात धरून बघायचा, हा माझा नियम आहे.

चूक हाताची असेल, तर उपाय तुमच्या कागदावर करून दाखवा. त्याच्या कागदाला हात लावू नका. कधीच नाही. का, ते वर सांगितलंच आहे.

आणि बोलणं कागदावरच ठेवा. आव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदाच होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष हातातल्या कामावरून उडून 'मी कसा आहे' यावर गेलं की परिणाम ढासळतो. "मागचा डोंगर पुढे आलाय" हे ऐकून पांडवलेणीचा डोंगर निळसर, फिका आणि कमी बारकाव्यांचा करून बघता येतो. "तुला डेप्थ कळत नाही" हे ऐकून काय करणार? इथे चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात नाशिक रंगवलेलं आहे, त्यामुळे घाटावरच्या नवख्याला तुपेंचं नाव ऐकवायची काहींना सवय आहे. तुपेंची चित्रं जरूर दाखवा, पण वेगळ्या दिवशी, आणि नवख्याचं चित्र शेजारी न ठेवता.

कडक बोलूच नये असं मी म्हणत नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले, तेव्हा ते 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केलं. या धंद्यात कितीजण बुडाले ते सांगितलं. पण फाळक्यांचं ऐकून घेतल्यावर त्यांनीच सामानाची माहिती दिली आणि चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. धोका स्पष्ट सांगायचा आणि मग दारापर्यंत सोबत जायचं, हे दोन्ही एकाच माणसानं केलं. परत आल्यावर फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म करून निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून कर्ज उभं राहिलं. त्यांचा पहिला चित्रपट १९१३ साली लागला. एवढा मोठा माणूससुद्धा आधी वाटाण्याएवढंच काम घेऊन लोकांसमोर गेला होता, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

चार-पाच जण मिळून बघत असाल तर

गटात सगळे एकदम बोलतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं मत राहतं. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० साली यावर चार टप्प्यांची रीत बसवली. आम्ही चहाच्या टपरीशेजारी बसून तीच वापरतो.

आधी प्रत्येकानं या कामात आपल्याला काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग चित्र काढणारा प्रश्न विचारतो आणि बाकीचे तेवढ्याचंच उत्तर देतात. तिसऱ्या टप्प्यात बघणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नाच्या पोटात मत दडवायचं नाही. "आकाश इतकं गडद का केलंस?" यात मत आहे; "आकाशाचा रंग कसा ठरवला?" यात नाही. आमची सर्वांत जास्त अडखळण इथेच होते आणि सर्वांत जास्त शिकणंही इथेच होतं. शेवटी मत, तेही परवानगी मागून: "आकाशाबद्दल मला एक वाटतंय, सांगू का?" समोरचा "आज नको" म्हणू शकतो. एक चौदा वर्षांची मुलगी पहिल्या तीन बैठकांत "आज नको" म्हणाली. चौथ्या वेळी तिनं स्वतःच विचारलं, "काका, तुम्हाला त्या दिवशी काय सांगायचं होतं?"

लागलंच तर

तरीही कुणीतरी बोलतंच. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा, आपल्या मनानं वाढवलेलं नको. त्या दिवशी उत्तर देऊ नका आणि कागद फाडू नका. तीन दिवसांनी वाक्य वाचा आणि बघा, यात कागदावरची एखादी वस्तू आहे का? डोंगर, सावली, कड, कळस? असेल तर बाकीचे शब्द खोडून तेवढी वस्तू ठेवा आणि एक छोटा कागद तिच्यासाठी खर्च करा. वाक्यात फक्त तुम्ही असाल, तर पूर्ण वाक्यावर रेघ मारा. दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर बोट ठेवलं असेल, तर मात्र ती जागा बघाच.

फार मोठं कौतुक झाल्यावरही हेच करा. तेव्हा गरज जास्त असते.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे पूर्वीपेक्षा बरीच कमी वळली. अचानक मिळालेल्या प्रमाणपत्रानं तसं झालं नाही. म्हणून पहिल्या वर्षी स्पर्धा नको, आणि मुलाला "बक्षीस मिळालं तर सायकल" तर नकोच.

पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये घाट पाण्याखाली जातो आणि बसणं बंद होतं. तेव्हा एखाद्या दुपारी ते झाकून ठेवलेले वीस आणि त्यानंतरचे सगळे कागद बाहेर काढा. चटईवर तारखेनुसार मांडा, पहिला दाराशी, शेवटचा खिडकीशी. घरात कुणी नसेल अशी वेळ बघा. मग पालथे करून आधी मागच्या ओळी वाचा, आणि त्यानंतर कागद सुलटे करा. ज्या ओळीत म्हटलेलं कागदावर उतरलंय त्यावर पेन्सिलीनं टिंब द्या. जिथे नाही उतरलं, त्यांतली एक ओळ निवडून नव्या कागदाच्या मागे आजच्या तारखेनं पुन्हा लिहा, आणि पाणी भरून घ्या.